गेमचं दुकान काढतोयस? आधी पैसा कुणाच्या खिशातला ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लजचा एक तरुण कोल्हापुरात, राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत, व्हिडिओ गेमचं दुकान काढायच्या विचारात आहे. घरचे सात-आठ लाख घालायला तयार आहेत. कॅज्युअल (विरंगुळ्यापुरते), हार्डकोअर (कट्टर), कॉम्पिटिटिव्ह (स्पर्धेवाले) अशी खेळाडूंची वर्गवारी त्यानं वाचलीय आणि त्या हिशेबानं माल भरावा का, कोण काय घेतं, कधी घेतं, असं त्यानं विचारलंय. डिस्क भाड्यानं देणं परवडतं का, हाही एक प्रश्न आहे.

भावा, वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. लोक सोनीच्या पीएस२ ला (प्लेस्टेशन २) नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवून मागायचे त्या काळापासून मी या धंद्यात आहे.

ती वर्गवारी खोटी नाही. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेम डिझायनरनं १९९६ मध्येच खेळाडूंचे चार प्रकार पाडले होते: मिळवत राहणारे, धुंडाळणारे, चारचौघांत रमणारे आणि दुसऱ्याला लोळवायला येणारे. गेममध्ये शिरल्यावर माणूस कसा वागतो ते त्यानं चांगलं सांगितलंय. पण काउंटरवर उभा असलेला माणूस अजून गेममध्ये शिरलेलाच नसतो. तिथं दोनच गोष्टी बघायच्या. पैसा कुणाचा आणि तो हातात कधी येतो. तोच धुंडाळणारा बापाच्या पैशानं वेगळी खरेदी करतो आणि स्वतःच्या पहिल्या पगारानं वेगळी.

सगळ्यात मोठी रक्कम येते ती बापाच्या खिशातून, आणि बाप स्वतः खेळत नाही. कागल, शिरोळ, हातकणंगले, करवीर या पट्ट्यातला बाप पोराला घेऊन वर्षातून एकदा येतो. निमित्तं ठरलेली: दहावीचा निकाल, गोकुळ दूध संघाचा दिवाळीचा दर फरक, एमआयडीसीतला बोनस, नाहीतर उसाचं बिल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराचा आकडा गाजला, आंदोलन झालं, तडजोड झाली, धुराडी पेटली, की पुढं महिना-दीड महिन्यानं माझ्याकडं कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची, चौकशी सुरू होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत बिल द्यायचं असं लिहिलंय. तुझी ऑर्डर मात्र त्या १४ दिवसांच्या भरवशावर देऊ नको. बिल बँकेत पडल्याची बोंब गावात झाली की मग दे.

दुकानातला संवाद आता मला पाठ झालाय. पोरगं 'डिस्क एडिशन, डिस्क एडिशन' करत असतं. बाप विचारतो, "ह्याच्यासंगं टीव्ही येतो का?" मग, "कॅसेटी किती येतात?" डिस्कला कॅसेट म्हणणं काही सुटणार नाही, तूही कॅसेटच म्हण. मग मुद्द्याचा प्रश्न येतो: "आणि ह्या कॅसेटी सारख्या घ्यायला लागतात का?" इथं खोटं बोलायचं नाही. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० वर गेला. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात पाच हजारांची एक डिस्क माग, तो पोराकडं कसा बघतो ते बघ. बाप एकदाच पाकीट उघडतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच बिलात, दुसरा कंट्रोलर आणि दोन वापरलेल्या डिस्क बसवून द्यायच्या. 'परत महिना-दोन महिन्यांनी पोरगं जुनी देऊन थोडे वर घालून दुसरी नेईल' हे बापाच्या समोर सांगायचं. पोराची पुढची वर्षभराची परवानगी तिथंच मंजूर होते.

बाप स्वस्तातली डिजिटल एडिशन उचलायला बघतो, किमतीत फरक असतो म्हणून. ती विकू नको असं मी म्हणत नाही, पण आहे तशी त्यात डिस्क जात नाही हे बापाला नीट कळू दे. डिजिटल नेलेलं पोरगं तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. त्याचा सगळा पैसा थेट सोनीच्या स्टोअरला जातो.

आता आपल्या गावाची खास जात. गडहिंग्लजचा आहेस म्हणजे फुटबॉल तुला सांगायला नको. बाहेरच्याला वाटतं, भारतात दुकान म्हणजे क्रिकेटच्या गेमचा ढीग लागत असणार. नाही लागत. क्रिकेटवाल्याकडं अजून २००६ साली आलेला ईए कंपनीचा क्रिकेट ०७ आहे. त्यात हौशी पोरांनी नवीन संघ, नवीन जर्सी, आयपीएल सगळं पॅच करून घातलंय, आणि तो कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो. क्रिकेट २४ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. माझ्याकडं चौकशी भरपूर झाली, विक्री बेताची.

फुटबॉलची गोष्ट निराळी. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा, या संघांच्या पेठांतली पोरं शाहू स्टेडियमवर गळा फोडून येतात आणि रात्री कुणाच्यातरी माडीवर चौघं-सहा जण कंट्रोलर घेऊन बसतात. वर्ल्डकपला मेस्सी-नेमारची कटआउट चौकाचौकांत उभी करणारं गाव आहे हे. ईएच्या फुटबॉलच्या गेमचं नाव २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी झालंय, फिफाशी त्यांचा करार संपला, पण इथं अजून 'फिफा आला का?' असंच विचारतात. तो दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीला येतो.

ह्या गिऱ्हाइकाचा पैसा वर्गणीचा असतो. पाच-सहा जणांनी काढलेले, कधी सुट्ट्या नोटांचे, कधी एकाच्या फोनवर गोळा केलेले. त्यामुळं निर्णयाला उशीर लागतो, पण एकदा ठरलं की घासाघीस कमी करतात, कारण एकटा कुणी 'नको' म्हणू शकत नाही. यातही दोन तऱ्हा आहेत. माडीवर समोरासमोर खेळणाऱ्याला गेल्या वर्षीचा गेम चालतो, दोन वर्षांपूर्वीचाही चालतो. टीम बदलली नसली तरी आपला मेस्सी आहे ना, बास. त्याला सहा-सातशेची जुनी डिस्क दे आणि दोन कंट्रोलर विक. दुसरा तो अल्टिमेट टीमवाला. तो ऑनलाइन खेळतो, पत्त्यांसारखी खेळाडूंची पाकिटं फोडतो. त्याला गेम पहिल्याच दिवशी पाहिजे, कारण दरवर्षी नव्या गेममध्ये टीम शून्यापासून उभी करायला लागते आणि उशिरा आलेला मार खातो. त्याला डिस्कच्या किमतीचं काही वाटत नाही. नंतर ही पाकिटं घ्यायला लागणारे पॉइंट घेण्यात तो तेवढेच पुन्हा घालवतो.

म्हणून फिफाच्या नव्या डिस्क ॲडव्हान्स घेतलेल्या नावांपुरत्याच मागव. एवढ्या झपाट्यानं उतरणारी दुसरी डिस्क नाही. नोव्हेंबरमध्ये डिजिटलवर सेल लागतो, आणि तुझ्या कपाटात पडलेल्या सीलबंद डिस्कची किंमत एका रात्रीत खाली येते. याउलट गोष्टीवाले गेम भाव धरून असतात. गॉड ऑफ वॉर, स्पायडर-मॅन यांची वापरलेली प्रत वर्षानंतरही बरी जाते. आणि जीटीए ५ तर विचारूच नको. २०१३ चा गेम, जगात २० कोटींच्या वर प्रती खपल्या, तरी दर आठवड्याला कुणीतरी तो पहिल्यांदाच विकत घेत असतो.

कंट्रोलरचं विसरलोच असतो. माझ्याकडं गेमपेक्षा कंट्रोलरचा आणि त्याच्या दुरुस्तीचा गल्ला पक्का असतो. डाव्या काडीला ड्रिफ्ट येतो, खेळाडू आपोआप एका बाजूला सरकायला लागतो. काही झिजून होतं, काही हरलेल्या पोराच्या रागानं. नवा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास. काडी बदलून देणारा हाताखाली ठेवलास तर दुकानाचं भाडं त्यातच सुटेल.

एक्स्चेंज हा आपला खरा धंदा, म्हणून ते नीट सांगतो. कॉलेजचा, हॉस्टेलचा, पॉकेटमनीवाला खेळाडू गेम 'घेत' नाही, फिरवतो. नवी डिस्क आणतो, पंधरा दिवसांत गोष्ट संपवतो, भाव आहे तोवर परत आणतो. त्याच्या डोक्यात गेमची किंमत म्हणजे घेतानाची वजा देतानाची. त्यामुळं तो आधी 'परत कितीला घ्याल?' विचारतो, मग गेमचं नाव. अशा पोराला खात्री दिलीस की तो चार पोरं घेऊन येतो.

डिस्क हातात आली की ट्यूबलाइटखाली तिरकी धर. पीएस२ च्या डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असायचा, म्हणून वरचा ओरखडा मशीनवर घासून काढता यायचा. पीएस४-पीएस५ ची ब्लू-रे वेगळी. तिचा थर फक्त ०.१ मिलिमीटर खाली आहे. वर कडक लेप असतो, सहजासहजी चरा पडत नाही. पण पडला आणि खोल गेला तर डिस्क गेली. घासून देणाऱ्याच्या नादी लागू नको. मग मधल्या भोकाभोवती तडा आहे का बघ. कव्हरातून ओढून काढणाऱ्यांच्या डिस्क तिथंच फुटतात. मग कन्सोलमध्ये घालून मुख्य मेनूपर्यंत चालवून बघायची, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कव्हर नसेल तर किंमत कमी. आत व्हाउचरचा कागद असेल तर तो वापरलेला आहे असंच धर.

आणखी एक. आखातातल्या मामा-काकांनी आणलेल्या डिस्क बऱ्याच येतात, अरबी कव्हरच्या. गेम इथल्या कन्सोलवर चालतो, पण त्याचा जादा भाग भारतीय अकाउंटवरून विकत घेतला तर त्या डिस्कला लागू पडेलच असं नाही. घेणाऱ्याला हे आधी सांग, नाहीतर तो आठवड्यानं भांडायला येईल आणि त्याचं चूक नसेल.

तुझा स्पर्धक समोरचं दुकान नाही. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर 'सेकंडरी अकाउंट' विकणारे आहेत. एकच डिजिटल गेम दोघा-तिघांत वाटून, पाच हजारांचा हजार-दीड हजारात देतात. पॉकेटमनीवाल्याला मोह पडणारच. मग एके दिवशी पासवर्ड बदलतो, कुलूप लागतं आणि विकणारा फोन उचलत नाही. हे कंपनीच्या नियमात बसत नाही, तू त्यात शिरू नको, पण फसलेल्या पोराची चेष्टाही करू नको. तोच उद्या डिस्कवर येतो.

मोबाइलवाल्यांना तुच्छ लेखणारे दुकानदार मी पाहिलेत. संख्येनं तेच सगळ्यांत जास्त. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये तसलाच फ्री फायर गेला. एवढे हेलकावे खाऊनही पोरं हटली नाहीत, परत आली आणि परत पैसे घालायला लागली. फक्त हे पैसे बारीक असतात. गेममध्ये पैसे भरायचा पन्नासाचा, शंभराचा रिडीम कोड, एखाद्या सीझनचा रॉयल पास. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आणि गौरी-गणपतीला पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटांवर हा धंदा चालतो. बीजीएमआय आला तेव्हा १८ च्या आतल्या पोरांना दिवसाला ७,००० रुपयांची मर्यादा जाहीर झाली होती. आपल्या गल्लीत कुठल्या पोराच्या खिशात रोज सात हजार असतात ते मला दाखव! मर्यादा ओलांडली जाते ती आईच्या यूपीआयवरून. शाळेतलं पोरगं आईचा फोन घेऊन हजाराच्या वरचा टॉपअप मागायला आलं तर त्याच फोनवरून घरी विचारून घे. चार रुपये बुडतील, पण दारात भांडण येणार नाही.

खरा नफा सामानात आहे. ट्रिगर, बोटांचे मोजे, फोनच्या पाठीला लावायचा पंखा, आणि वायरचे इअरफोन. वायरचेच, कारण ब्लूटूथवर पावलांचा आवाज उशिरा येतो आणि खेळणाऱ्याला तेवढा उशीर चालत नाही. ही पोरं चौघांच्या स्क्वॉडनं येतात आणि एकानं घेतलं ते चौघं घेतात. चार नग ठेव, तीन ठेवलेस तर चौथा दुसऱ्या दुकानात जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो.

रमीला पैसे भरून द्या म्हणणारेही येतील. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं कायद्यानं बंदी घातली. त्या वाटेला जाऊ नको.

पीसीवाल्यासाठी गेम भरूच नको. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानानं नोव्हेंबर २०१५ पासून रुपयात किमती लावल्या, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, जून अखेरीला आणि डिसेंबरात सेल असतो. एपिक या तसल्याच दुकानानं तर मे २०२० मध्ये जीटीए ५ फुकट वाटला. तुझ्या काउंटरवर याच्याशी बरोबरी होणार नाही. हा माणूस तुझ्याकडं एसएसडी, माउस, मॉनिटर यांसाठी येतो. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळणारं पोरगं बघ: गेम फुकट, मुंबईला सर्व्हर, म्हणून खर्च शून्य असं बापाला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि बंदुकीच्या रंगरंगोटीचं एकेक बंडल नव्या डिस्कच्या किमतीच्या घरात. शिकताना क्रॅक केलेले गेम खेळलेला हाच मुलगा पहिला पगार झाला की तेच गेम सेलमध्ये रीतसर विकत घेतो. पूर्ण केलेले असतात सगळे. तरी घेतो. मला ते आवडतं.

पगारवाला तिशीतला माणूस मात्र सोनं आहे. पुण्यात, बेंगळुरूत नोकरी, सणाला घरी. गेम आलेल्या आठवड्यात सीलबंद घेतो, भाव विचारत नाही, एक्स्चेंज करत नाही. निम्म्या डिस्कचं प्लास्टिकही फाडलेलं नसतं. लहानपणी घेता आले नाहीत म्हणून आता घेऊन ठेवतो, खेळायला वेळ कुठाय. याला गर्दीत उभा करू नको. व्हॉट्सॲपवर फोटो पाठव, 'ठेवू का?' विचार, एवढं पुरतं. नवीन लग्न झालेला असेल तर दोघांनी मिळूनच खेळायचा इट टेक्स टू सुचव. मुली गेम घेत नाहीत हा समजही काढून टाक. त्या बऱ्याचदा डिजिटलवर घेतात आणि दुकानात कंट्रोलर, हेडफोनसाठी येतात. दुकान पोरांचा अड्डा झाला की येईनाशा होतात. दारात पोरं बसू देऊ नको.

निन्टेंडो ही कन्सोल कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. तिचा स्विच हा कन्सोल येतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटीशिवाय. सात-आठ लाखांच्या भांडवलात तो कपाटात ठेवायच्या भानगडीत पडू नको. कुणी मागितला तर पूर्ण ॲडव्हान्स घेऊन मागव आणि वॉरंटी नाही हे बिलावर लिही.

जागेचं विचारलंयस म्हणून सांगतो. शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरकडच्या सखल भागात ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं. भाडं कमी सांगतील, का ते आता तुला कळलं. राजारामपुरीत वरच्या गल्ल्यांत छोटा गाळा बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये शाळेची फी, हे महिने कोरडे जातात. तेवढं भाडं बाजूला काढूनच सुरुवात कर. पहिल्या खेपेला नव्या डिस्क कमीत कमी, वापरलेल्या जास्तीत जास्त, चार-सहा कंट्रोलर, आणि जुने पीएस४ जेवढे चांगल्या स्थितीत मिळतील तेवढे. पंधरा-अठरा हजारांतला पीएस४ हा वर्गणीवाल्यांचा आणि पहिल्यांदाच घेणाऱ्यांचा लाडका माल आहे, आणि तो नेलेला माणूस जुन्या डिस्कसाठी येतच राहतो.

भाड्याचं राहिलं. संगणक प्रोग्रॅम व्यापारासाठी भाड्यानं देण्याचा हक्क कॉपीराइट कायद्यानं मूळ मालकाकडं ठेवलाय, म्हणून 'भाड्यानं मिळेल' असा बोर्ड लावूच नको. शिवाय भाड्याची डिस्क कुणी आपली म्हणून जपत नाही. त्यापेक्षा वापरलेली डिस्क विक आणि परत घ्यायचा भाव बिलावरच लिहून दे: १५ दिवसांत आणलीस तर एवढे, महिन्यात आणलीस तर एवढे, तडा असेल तर काही नाही. डिस्क त्याची असते, म्हणून तो ती कव्हरात ठेवतो. फिफाला मात्र हा करार ऑक्टोबरच्या पुढं लावू नको. आणि दुकानाचा शिक्का कव्हरवर मारू नको, आतल्या बाजूला बारीक स्टिकर लाव. शिक्का मारलेली डिस्क पुढं पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकताना पन्नास-शंभर रुपये कमी येतात.